सरकारी काचेवर उमटलेली बोटे

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. पाटीएवढा, एका काठाला पोचा पडलेला. पाठीवर नगरपालिकेने चिकटवलेला क्रमांक अजून घट्ट धरून आहे, पण बॅटरी मात्र थकली आहे. तारेला जोडले असेल तरच मी जागा राहतो. तार निघाली की वाक्याच्या अर्ध्यावरच माझे डोळे मिटतात. तेव्हा तार जोडलेली आहे तोवर सांगून घेतो.

माझा जन्म एका लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझी काच बसवली, तिरपी धरून उजेडात पाहिली आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. माझी भावंडे कोणी शाळेत गेली, कोणी दुकानांत, कोणी विमानतळावर. मी मात्र खोक्यात बसून नगरपालिकेच्या जिन्यावरून वर गेलो. तिथे यंत्र विभागातल्या ताईंनी मला क्रमांक दिला, कपाटात ठेवले आणि सांगितले, की हा नगरसेवकांसाठी आहे.

माझे पहिले मालक, म्हणजे तेव्हा मला ते मालकच वाटत, ते भाऊसाहेब. अंगाने आडवे, मनाने उघडे, आणि हसले की शेजारच्या टेबलावरचा पेला हलायचा. माणूस वाईट नव्हता हो. पण हाती आलेली प्रत्येक गोष्ट आपल्या घरचीच, अशी त्यांची समजूत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी घरी नेले आणि नातवाच्या हवाली केले. नातू माझ्यावर गाड्या पळवायचा आणि त्याच्या बोटांचा जॅम माझ्या काठांत वाळून बसायचा. जेवणानंतर वहिनी मालिका बघायच्या. निवडणूक जवळ आली तसा मुलगा माझ्यावरच वडिलांची प्रचारपत्रके रंगवायला लागला. नगरपालिकेचे काम? तेही व्हायचे, अधूनमधून, पाहुण्यासारखे.

एकदा तर कमालच झाली. सभागृहात एका ज्येष्ठ सदस्याच्या निधनाचा शोकप्रस्ताव चालू होता. सगळे माना खाली घालून उभे. भाऊसाहेबही उभे होते, पण मला त्यांनी टेबलाखाली धरले होते आणि माझ्यावर फुटबॉलचा सामना चालू होता. त्यांचे बोट चुकून आवाजाच्या बटणावर पडले, आणि त्या शांततेत मी गळा काढून ओरडलो, "गोऽऽऽल!" मला आजही काय करावे कळत नाही, रडावे की हसावे.

त्यांची मुदत संपली. ते पुन्हा निवडून आले, तेव्हा त्यांनी नवा टॅबलेट मागून घेतला. मला परत देण्याआधी त्यांच्या पुतण्याने एक बटण दाबले आणि माझ्यात होते नव्हते ते सगळे पुसून टाकले. मी हलका झालो, पण ते हलकेपण चांगले नव्हते.

काही दिवसांनी खालच्या गल्लीतल्या एक धुणीवाल्या बाई यंत्र विभागात आल्या. त्यांच्या उंबऱ्यातून गटाराचे पाणी आत यायचे. "भाऊसाहेबांनी त्यांच्या टॅबलेटवर लिहून घेतलं होतं, या उन्हाळ्यात गटार होणार म्हणून," त्या सांगत होत्या. "तेवढं बघून सांगा." ताईंनी मला उघडले. पण मी कोरा होतो. बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग चपला घालून निघून गेल्या. त्यांचा अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी गेला.

मग मी पाववाल्या काकूंच्या हाती आलो.

काकूंची बेकरी त्याच खालच्या गल्लीच्या तोंडाशी होती. त्या धुणीवाल्या बाई त्यांच्या शेजारीण. नगरसेविका म्हणून काकू पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या, आणि पहिल्याच सभेत त्यांनी मला टेबलावर ठेवून बोलायला सुरुवात केली. हा टॅबलेट फक्त नगरपालिकेच्या कामासाठी वापरायचा. घरच्यांनी हात लावायचा नाही. प्रचाराला वापरायचा नाही. यावर लिहिलेले काही पुसायचे नाही, ते आपोआप दप्तरखान्यात जमा झाले पाहिजे, आणि गावातल्या कोणालाही ते बघता आले पाहिजे. मुदत संपली की परत, आणि सगळे जमा झाल्यावरच तो कोरा करायचा. असा नियम करा, असे त्यांचे म्हणणे.

"एवढी काय घाई आहे काकू?" कोणीतरी म्हणाले.

"घाई नाही, उशीरच झालाय," काकू म्हणाल्या. "गोल सगळ्या सभागृहाने ऐकला. गटाराचं मात्र कोणीच ऐकलं नाही."

सभागृह खदखदून हसले. भाऊसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, आणि पुढे कितीतरी दिवस ते काकूंना समोरून येताना पाहून जिन्याची दुसरी बाजू धरायचे. नियम मात्र झाला.

मित्रांनो, बेकरीतले ते दिवस आठवले की माझी काच अजून उजळते. गल्ल्यावरच्या फळीवर, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून, काकू मला ठेवायच्या. गिऱ्हाइके पाव घ्यायला यायची आणि पावाबरोबर गाऱ्हाणी द्यायची. कोणाच्या दारातला दिवा बंद, कोणाचा नळ कोरडा, कोणाच्या भिंतीला कुत्र्यांनी वैताग आणलेला. काकू आधी हात धुवायच्या, कोरडे करायच्या, मग फडके उघडून बोटाने माझ्यावर लिहायच्या. तरी पीठ कुठून तरी यायचेच. माझ्या आवाजाच्या भोकांत ते बसायचे आणि माझा आवाज सर्दी झाल्यासारखा यायचा.

भट्टीवर काका असायचे, काकूंचे यजमान. पीठ मळणे, भट्टी लावणे, पाव काढणे हे सगळे त्यांचे, आणि ते करताना अखंड बोलणे हेही त्यांचेच. मला त्यांनी नाव ठेवले होते सरकारी जावई. "काय गं, तुझा सरकारी जावई जागा झाला का?" "जावयाला उन्हात ठेवू नकोस, रुसेल." असे दिवसभर चालायचे.

त्यांची एकुलती लेक दूरच्या शहरात होती. तिला नुकतेच बाळ झाले होते. काकूंच्या जुन्या फोनवर ती दिसायची, पण फोनची काच तडकलेली आणि चित्र एवढेसे.

एकदा काका हात पुसत पुढे आले. "अगं, आज लेकीला या जावयावर बघू या की. तुझ्या फोनात नात पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते. नाक कोणावर गेलंय तेही कळत नाही."

"नाही."

"पाच मिनिटं."

"अहो, नाही म्हणजे नाही. तो आपला नाही."

"वा!" काका भट्टीकडे वळत म्हणाले. "आपल्या घरात राहतो, आपलं पीठ खातो, आणि आपला नाही. खरा जावईच आहे!"

काकूंना हसू आवरले नाही. पण फडके काही त्यांनी उघडले नाही. मला त्या वेळी वाईट वाटले होते. ते बाळ मलाही बघायचे होते.

आणि मग ती सकाळ आली. भट्टी लागलेली, परातीत पीठ फुगत आलेले, आणि काका बोलता बोलता थांबले. ते कधी थांबायचे नाहीत, म्हणून काकूंनी मागे वळून पाहिले. काका परातीला धरून हळूहळू खाली बसत होते. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. शेजारच्या रिक्षावाल्याने उचलून त्यांना नगरपालिकेच्या रुग्णालयात नेले. काकू सभेला निघायच्या बेतात होत्या, त्यामुळे मी त्यांच्या पिशवीत होतो. तसाच मीही गेलो.

अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले, पण उजवी बाजू आणि वाचा गेली आहे. परत येईल, किती येईल ते सांगता येत नाही.

दुपारपर्यंत काका पूर्ण शुद्धीवर आले, आणि शुद्धीवर आल्या आल्या काहीतरी सांगायला धडपडू लागले. तोंडातून फक्त "भ... भ..." निघे. नर्सबाईंनी विचारले, "भूक लागली?" काकांनी मान जोरात हलवली, नाही. "पाणी? उशी? भीती वाटते?" नाही, नाही. पेन्सिल दिली तर डाव्या हाताच्या बोटांतून ती निसटून खाटेखाली घरंगळली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. काका पलंगावर मूठ आपटू लागले. आयुष्यभर बोललेला माणूस, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

काकूंचा हात पिशवीत आला. माझ्या काठाला त्यांची बोटे लागली. हात तसाच बाहेर गेला. परत आला.

"होऊ दे काय व्हायचं ते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला बाहेर काढले.

कोरे पान उघडून त्यांनी मला काकांच्या छातीशी धरले आणि त्यांचे डावे बोट माझ्यावर टेकवले. काचेवर लिहायला काही पकडावे लागत नाही, बोट नुसते ओढले की पुरते. काकांनी ओढले. लहान मूल पहिल्यांदा पाटीवर ओढते तसे, वाकडे, तुटक, पानभर. काकूंनी वाचले आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"भट्टी!"

भट्टी तशीच पेटती राहिली होती. तिचे दार उघडे आणि समोर सरपणाची रास. काकूंनी धुणीवाल्या बाईंना फोन लावला. बाई धावत गेल्या तेव्हा वरची दोन लाकडे धुमसायला लागली होती. त्यांनी धुण्याच्या बादल्याच ओतल्या. बेकरी वाचली, आणि तिच्या भिंतीला लागून असलेली घरेही वाचली.

तेवढ्यावर मला पिशवीत ठेवता आले असते. पण काकांनी मला धरून ठेवले होते. काकूंनी ओढून पाहिले नाही. लेक बाळाला घेऊन येईपर्यंत, म्हणजे पुढचे काही दिवस, मी त्या पलंगावरच राहिलो. काका माझ्यावर लिहीत आणि काकू वाचत. "मीठ विसरू नको." "नर्स चांगली." "चहा पाणचट." "डॉक्टर पोरगेलासा, पण हुशार." "तू जेवलीस?" एका पानावर नुसताच एक गोल काढला होता, आणि काकूंनी विचारले तर काकांनी ओठांच्या चांगल्या कोपऱ्याने हसून खाली लिहिले, "पाव." आणि एका पानावर, "तू झोप आता."

लेक आली तेव्हा तिने येताना एक लहानसा टॅबलेट विकत आणला होता. मग काकूंनी मला उचलले, पुसले, आणि तडक यंत्र विभागात ताईंकडे नेले.

"मी नियम मोडला," त्या म्हणाल्या आणि काय झाले ते सगळे सांगितले.

ताईंनी पाने पाहिली. त्यांचा आवाज उतरला. "काकू, कोणाला कळलंय? मला अधिकार आहे, ही पानं मी काढून टाकते. विषय संपला. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"काढायचं नाही, हाच तर नियम आहे. माझाच आहे."

"अहो, पण भाऊसाहेब टपूनच बसलेत तुमच्यावर."

"बसू दे. मी त्यांच्याबद्दल बोलले तेव्हा मोठ्याने बोलले होते ना? मग हेही मोठ्यानेच बोलायला हवं."

पुढच्या सभेत काकू उभ्या राहिल्या. झाले ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. भट्टीचेही सांगितले आणि नंतरच्या दिवसांचेही. काकांची पाने सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर आली. सदस्यांमध्ये एक वकीलसाहेब होते, अगदी काटेकोर माणूस, स्वतःच्या भावालाही पावती मागणारे. ते चष्मा सारून म्हणाले, "पहिलं पान मी समजू शकतो. आग लागली असती. ते गावाचंच काम झालं. पण पुढची पानं? हे बघा. 'चहा पाणचट.' हे नगरपालिकेचं काम कसं?"

काकूंनी मान खाली घातली. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून पेला हलवणारा तो आवाज आला.

"रुग्णालय नगरपालिकेचं आहे," भाऊसाहेब उभे राहून म्हणाले. "आणि चहा खरोखर पाणचट आहे. मी स्वतः प्यायलोय. तक्रार योग्य जागी नोंदवली आहे."

आधी कोणीतरी फिस्सकन हसले, मग सगळे. वकीलसाहेबांच्या मिशाही हलल्या. पण ते मागे हटणारे नव्हते. "ठीक आहे. आणि हे?" त्यांनी पुढचे पान आणले आणि वाचले. "'तू झोप आता.'"

वकीलसाहेब पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नियम मोडला आहे," शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले. "मोडला तो मोडला म्हणावं. आपल्या माणसासाठी तो वाकवू नये, नाहीतर उद्या तो कोणासाठीच सरळ राहणार नाही. समज द्यावी आणि तशी नोंद व्हावी, एवढंच माझं म्हणणं."

"मलाही तेच हवंय," काकू म्हणाल्या.

समज दिली गेली. पुढच्या सभेपर्यंत मला काकूंकडून काढून घेण्यात आले. आणि त्याच बैठकीत भाऊसाहेबांनी ठराव मांडला, की वाचा गेलेल्या रुग्णांसाठी रुग्णालयात अशा लिहिण्याच्या काचा ठेवाव्यात. ठराव एकमताने झाला. बाहेर पडताना काकू जिन्यात थांबल्या. भाऊसाहेब या वेळी दुसऱ्या बाजूने गेले नाहीत.

"भाऊसाहेब, त्या गोलाचं मी फारच लागट बोलले हो."

"छे!" भाऊसाहेब म्हणाले. "लागलं, पण खोटं कुठे होतं? काका कसे आहेत?"

कपाटात पडून असताना मला कधी नव्हे ते स्वच्छ वाटत होते, आणि मला ते मुळीच आवडत नव्हते. पिठाशिवाय करमत नव्हते.

परत गेलो तेव्हा काका घरी आले होते. गल्ल्याशेजारी खुर्चीत बसायचे. भट्टी आता काकू आणि एक नवा कारागीर बघायचे. काकांना थोडे शब्द परत मिळाले होते, पण ते फार जपून खर्च करायचे. मला बघून त्यांनी तोंड उघडले, बराच वेळ जुळवाजुळव केली, आणि म्हणाले, "जा... वई." काकूंच्या हातातला पावांचा ट्रे तसाच अधांतरी राहिला.

त्या वर्षीच्या थंडीत काका गेले. बेकरी काही दिवस बंद होती आणि मी फळीवर फडक्यात होतो. मग एका सकाळी फडके उघडले गेले. समोर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या गल्लीतला दिवा बंद होता. काकूंनी हात धुतले, कोरडे केले, आणि लिहून घेतले. नेहमीपेक्षा जरा सावकाश.

मुदत संपली तेव्हा काकू पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. मला परत देण्याआधी त्यांनी बारीक कुंचल्याने माझ्या आवाजाची भोके साफ केली, काठ पुसले. ताई म्हणाल्या, "यातलं सगळं दप्तरखान्यात जमा झालंय. आता नियमाप्रमाणे मी हा कोरा करते." काकू म्हणाल्या, "कर." पाव नीट भाजला की नाही हे बघायला बेकरीवाले त्याच्या पाठीवर टिचकी मारतात. काकूंनी तशी एक टिचकी माझ्या पाठीवर मारली आणि त्या गेल्या.

पुढे सगळ्याच नगरसेवकांना मी नको झालो. नवे टॅबलेट पातळ होते, चपळ होते. मी बरीच वर्षे एका खणात पालथा पडून राहिलो. मग कोणाला तरी सुचले आणि मला दप्तरखान्यातल्या टेबलावर तारेला जोडून ठेवले. जुनी कागदपत्रे बघायला येणाऱ्या लोकांना ती माझ्यावर दाखवतात. नोकरी चांगली आहे. बसून करायची आहे.

परवा दुपारी रांगेत काकू होत्या. केस सगळे पांढरे झालेले, पाठ थोडी वाकलेली. दप्तरखान्यात नवीन आलेल्या कारकुनाने त्यांना ओळखले नाही.

"काय बघायचंय आजी?"

"एका नगरसेविकेच्या टॅबलेटवरची पानं. जुनी आहेत." त्यांनी साल सांगितले.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

काकू थोड्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, "मी या गावात राहते. तेवढं पुरे ना?"

"पुरे की," कारकून म्हणाला आणि त्याने पाने माझ्यावर आणली.

एवढ्या वर्षांनी ती माझ्यावर पुन्हा उमटली. काकूंनी बोट काचेवर टेकवले आणि प्रत्येक अक्षरावरून, जिथे काकांचे बोट वळले होते तिथे वळवत, अडखळले होते तिथे थांबवत, हळूहळू नेले. चहाच्या पानाशी त्या एकट्याच हसल्या. शेवटच्या पानाशी त्यांना बराच वेळ लागला.

"छापील प्रत हवी का?" कारकुनाने विचारले. "कोणालाही देतो आम्ही."

"नको. घरी पीठ फार उडतं. इथे नीट राहतील."

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणाला तरी लोक निवडून देतील, कोणाच्या हाती कचेरीची एखादी वस्तू सोपवतील. तिला जपा. नुसती पडू नये, फुटू नये एवढ्याने जपणे होत नाही. तिच्यावर गावाचे जे काही लिहाल ते पुसू नका, कारण कोणीतरी चपला घालून ते विचारायला येणार आहे. आणि चुकलात, माणूस आहे चुकणारच, तर ती चूकही झाकू नका. भाऊसाहेबांच्या पुतण्याने पुसलेल्या वर्षांतले माझ्याजवळ आज एक अक्षरही नाही. काकूंनी आपली चूक तशीच राहू दिली, म्हणून काकांचे चार शब्द उरले.

काकूंच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी हळूच घसा खाकरला. काकूंनी रुमाल काढून माझी काच पुसली आणि त्या उठल्या.

"बसा, बसा," त्या त्यांना म्हणाल्या. "माझं झालं. काय बघायचंय तुम्हाला?"

"आमच्या गल्लीतल्या नळाचं काहीतरी ठरलं होतं म्हणे," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणि मी त्यांच्या गल्लीचे पान शोधू लागलो.